डिस्क घेतली, मग गेम कुठाय?

परत तेच! देवगडात सकाळपासून पाऊस कोसळतोय, दुपारी लाईट गेली, मागोमाग नेट गेलं आणि गेमचं डाउनलोड ६१ टक्क्यांवर अडकलं. आज चौथा दिवस.

आणि गेम मी मुद्दाम डिस्कवर घेतलाय हो! कुरियरवाला आमच्या वाडीत येत नाही, म्हणून भर पावसात स्टँडपर्यंत जाऊन आणला. डिस्क घातली, तर आधी ४० जीबी उतरवा म्हणे. अरे, मग डिस्कवर भरलंयत काय? निन्टेन्डो स्विच २ या गेम खेळायच्या यंत्राच्या गेम-की कार्डात तर गेम नसतोच, नुसती किल्ली; गेम नेटवरूनच उतरवायचा. पैसे मात्र रोख मोजायचे.

माझ्या जुन्या गेम-यंत्राच्या, प्लेस्टेशन २ च्या डिस्क आजही चालतात. इथल्या दमट हवेत बुरशी धरते, पण मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली की लागते. मावसभाऊ नेतो, खेळून परत आणतो. डाउनलोड केलेला गेम कसा देऊ त्याला?

युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ३१ मार्च २०२४ ला 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले. त्यांना जोडल्याशिवाय गेम चालतच नव्हता, तेव्हा लोकांच्या घरातल्या डिस्कसुद्धा निकामी झाल्या. विकत घेतलेल्या डिस्क! कुणाला विचारलं होतं?