होय, ती सहलच होती

नमस्कार,

कंबोडियातल्या एका कृत्रिम पाय बसवणाऱ्या केंद्रासाठी देणग्या गोळा करायला आम्ही तिथे प्नॉम पेन ते सिएम रीप सायकलप्रवास केला. त्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "बारा जणांच्या विमानभाड्यात कितीतरी कृत्रिम पाय बसले असते. ही सेवा नव्हे, सेवेचा मुलामा दिलेली सहल." चार दिवस उत्तर लिहितोय आणि खोडतोय. तुमचं निम्मं पटलंय, पण कुठलं निम्मं ते ठरत नव्हतं.

सहल होती, कबूल. विमानभाडं, हॉटेल, सायकली, मागची व्हॅन, सगळं ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून भरलं. देणगीतला एक पैसाही त्यात गेला नाही. पण न जाता ते पैसे मी कंबोडियाला पाठवले असते का? छे! दुसरीकडे कुठेतरी फिरून आलो असतो. तुमचा हिशेब बिनचूक आहे, फक्त तो मांडायला मी कधी बसलोच नसतो.

देणगीदारांचंही तसंच. १९७९ पासून तिथे भूसुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्याने ६४,००० हून अधिक माणसं मेली किंवा जायबंदी झाली, हे मी सांगेपर्यंत त्यांच्यापैकी बहुतेकांच्या गावीही नव्हतं. शिवाय कृत्रिम पाय एकदा बसवला की झालं, असं नसतं. मूल वाढतं, पाय आखूड पडतो, पुन्हा माप, पुन्हा नवा पाय. म्हणून आमच्यातले पाच जण आता त्या केंद्राला दरमहा पैसे पाठवतात. ते न जाता झालं असतं असं मला वाटत नाही.

लेखातल्या शाळकरी मुलांच्या फोटोबद्दल तुम्ही बोललात ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. कुणालाही न विचारता काढला होता. काढून टाकलाय. अनाथाश्रमाची भेट मात्र आम्ही आधीच कार्यक्रमातून वगळली होती. तिथल्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे येतात म्हणून मुलं ठेवली जातात, असंही घडतं.

"कष्टांचं कौतुक पुरे" हेही मान्य. पण कंपाँग थॉम ते सिएम रीप हे दीडशे किलोमीटर सपाट असल्याने सोपे, हा तुमचा समज खोडतो. घाटात निदान उतार तरी मिळतो. इथे दिवसभर एकच पेडल, समोरून वारा, ट्रक गेला की दातांत कचकचणारी लाल धूळ. वाटेत कंपाँग कदेईला ख्मेर राजा सातव्या जयवर्मनाच्या काळातला जांभ्या दगडाचा पूल आहे, दोन्ही कठड्यांना नागाचे फणे. त्या फण्याला सायकल टेकवली आणि दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की खाली बसताही येईना, उभंही राहवेना. शेजारून एक आजी सायकलवर भाजीचे हारे लादून, पायात साध्या चपला घालून, आरामात पुलापार गेल्या.

तिथून पुढचे साठेक किलोमीटर मी व्हॅनमध्ये होतो. लेखात हे लिहिलं नव्हतं. तुम्ही विचारलंही नव्हतं, पण खोटेपणाचा विषय काढलाच आहात तर सांगतो. काहींनी मला किलोमीटरमागे पैसे कबूल केले होते. परवा त्या सगळ्यांना खरा आकडा कळवला. एकाने साठ किलोमीटरचे परत मागितले; ते मी माझ्या खिशातून दिले. बाकीच्यांनी "राहू द्या" म्हटलं. मूळ लेखातलं "पूर्ण अंतर पार केलं" हे वाक्यही आज बदललंय.