टोकियोतली सुगी, पुण्यातली सातवीण

आपल्याकडे सुगी म्हटलं की खळं, मळणी, शेतावरचा हुरडा. टोकियोत सुगी म्हटलं की माणसं खिशातला मास्क चाचपतात. सुगी हे इथलं सूचिपर्णी झाड, सरळसोट, देवळांच्या आवारात शेकडो वर्षं उभं असलेलं. फेब्रुवारीच्या मध्याला ते परागकण सोडू लागतं, मार्च संपता संपता हिनोकी या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाची पाळी येते आणि मेपर्यंत शहर शिंकत राहतं. या दुखण्याला कफुनशो म्हणतात. पहिली चार वर्षं मी ऑफिसातल्या टिश्यूच्या खोक्यांची थट्टा करायचे. पाचव्या वर्षी मार्चमध्ये टाळूला आतून खाज सुटली, आणि आता माझ्याही टेबलावर खोका आहे.

त्या दिवसांत आमच्या घरी सोवळंच असतं म्हणा ना. कोट दाराबाहेर झटकायचा, मग आत यायचं, थेट तोंड धुवायचं. कपडे बाल्कनीत वाळत घालायचे नाहीत. आजीच्या ओवळ्याच्या नियमांवर मी लहानपणी भांडलेय, आणि आता नवरा काळा कोट घालून तसाच सोफ्यावर बसला की मी तिच्याच सुरात ओरडते.

मोजायची रीत मात्र मला फार आवडते, कारण ती इतकी साधी आहे. काचपट्टीला व्हॅसलीन लावून ती चोवीस तास गच्चीवर ठेवायची आणि चिकटलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. सलग दोन दिवस चौरस सेंटिमीटरला एक कण जरी सापडला तरी मोसम सुरू झाल्याचं जाहीर होतं. आकडा तीसच्या वर गेला की 'जास्त'. बातम्यांत पावसाच्या अंदाजाशेजारी हाही अंदाज असतो.

हे सगळं आठवायचं कारण बाबांचा फोन. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कुंपणालगत सात सातविणी आहेत. नर्सरीवाले आणि महापालिका त्यांना सप्तपर्णी म्हणतात. दिवाळीच्या सुमारास त्या फुलल्या की संध्याकाळी वासाने डोकं चढतं. यंदा चार घरांनी लिहून दिलं, की झाडांमुळे ॲलर्जी होते, ती तोडा. बाकीचे चिडले. "अगं, तुमच्याकडे ॲलर्जीच्या झाडांचं काय करतात?" बाबांनी विचारलं. ते सेक्रेटरी आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या त्यांनाच.

परदेशात राहणाऱ्यांना 'आमच्याकडे बघा' म्हणायची भारी हौस असते. मीही म्हणणार आहे, पण जपानकडे बघायचं ते त्यांची चूक कळावी म्हणून.

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर इथले डोंगर बोडके झाले होते. पूर यायचे, दरडी कोसळायच्या. घरं बांधायला लाकूड हवं होतं. तेव्हा सरकारने अनुदान देऊन डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकीने भरून काढले. कित्येक ठिकाणी रुंद पानांचं जुनं जंगल काढून तिथेही हीच झाडं लावली. लवकर वाढतात, सरळ वाढतात, मोजायला सोपी. मग 1964 मध्ये परदेशी लाकडाची आयात खुली झाली, इथलं लाकूड कोणी घेईना, आणि तोडायला लावलेली झाडं उभीच राहिली. सुगी तिशीच्या पुढे गेली की परागकणांना खरा बहर येतो. नुसत्या सुगीची लागवड आज सुमारे 44 लाख हेक्टर आहे. देशव्यापी पाहणीत सुगीची ॲलर्जी 1998 मध्ये 16 टक्के लोकांना होती, 2019 मध्ये जवळजवळ 39 टक्क्यांना. सरकारने 2023 मध्ये ठरवलं, की दहा वर्षांत सुगीची लागवड 20 टक्क्यांनी घटवायची आणि तीस वर्षांत परागकण निम्म्यावर आणायचे. म्हणजे आजोबांनी लावलेलं नातवंडं निस्तरणार. मी आपली जिभेखाली ॲलर्जीची गोळी ठेवतेय, रोज, तीन ते पाच वर्षं.

आता आपल्याकडचं बघा. महाराष्ट्रात सरकारी वृक्षलागवडीच्या मोहिमेची 2016 मध्ये दोन कोटी झाडांपासून सुरुवात झाली आणि 2019 मध्ये लक्ष्य 33 कोटींवर गेलं. वाद काय झाला? खड्डे खरे होते का, रोपं जगली का. रास्त प्रश्न आहेत. पण लावलं काय, आणि तीस वर्षांनी ते काय करणार, यावर किती तास खर्च झाले? सुबाभूळ आणि गिरिपुष्प पुण्याच्या टेकड्यांवर असंच भराभर वाढतं म्हणून आलं. आधी सरसकट लावायचं आणि मग सरसकट तोडा म्हणायचं, या दोन्हींत मोजणं कुठेच नाही.

सातविणीवरचा राग मला कळतो. दम्याच्या माणसाला उग्र वासानेही त्रास होतो. पण इतका घमघमाट करणारं झाड परागकण वाहून न्यायला कीटकांना आवतण देत असतं. वाऱ्यावर परागकण उधळणाऱ्यांना नटायची गरजच नसते. सुगीचा फुलोरा तांदळाच्या दाण्याएवढा, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघणार नाही. मी बाबांना विचारलं, "पार्किंगच्या भिंतीमागे गाजर गवत आहे का हो?" कंबरेएवढं होतं. हे गवत देशात पसरत असल्याची पहिली नोंद 1955-56 च्या सुमाराला पुण्यातलीच. अमेरिकेच्या धान्याबरोबर ते आलं असं मानतात. त्याच्या परागांनी नाक वाहतं, अंगाला लागलं तर कातडी सोलवटते. पावसाळ्यानंतर, म्हणजे सातवीण फुलते तेव्हाच, तेही पांढरं फुललेलं असतं. पण त्याला वास नाही, म्हणून त्याच्यावर अर्ज नाही.

झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, गवत उपटायला कोणाचीच नाही, असं मी म्हटलं. शिवाय त्या चार घरांनी आधी त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करून घ्यावी, नेमकं कशाचं वावडं आहे ते तरी कळेल. बाबा म्हणाले, "सभेत मांडतो. ऐकतील असं वाटत नाही."

परवा त्यांनी फोटो पाठवला. गाजर गवताचा छातीएवढा ढीग, शेजारी ते स्वतः, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातांत मोजे नाहीत. मी तिथल्या तिथे फोन लावला. "अगं, कोपराजवळ थोडं खाजतंय," म्हणाले. सातविणींचा विषय पुढच्या सभेवर ढकललाय.