उत्तर: ‘काळ्या स्क्रीनवर टाइप करायचे पैसे घेतात’

नमस्कार मॅडम,

एक स्टार देताना तुम्ही लिहिलंत की प्रिंटरच्या कामाला आलेला आमच्या दुकानातला मुलगा माउसला हात न लावता काळ्या स्क्रीनवर टाइप करत बसला, महिन्याभरात सगळ्या ऑफिसच्या प्रिंट अडकल्या आणि परत यायचे आम्ही पैसे सांगितले.

आधी अडकलेल्या प्रिंटचं. मधल्या काळात इंटरनेटवाल्याने राउटर बदलला, हे तुमच्याच ऑफिसातून फोनवर कळलं. जुन्या राउटरमध्ये आम्ही प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, राखून ठेवला होता. राउटर गेला, ती नोंदही गेली. नव्याने प्रिंटरला दुसराच पत्ता दिला, आणि सगळ्यांच्या प्रिंट प्रिंटरकडे धाडणारा सर्व्हर बिचारा जुन्याच पत्त्यावर ९१०० पोर्ट, म्हणजे प्रिंट आत घ्यायचं दार, ठोठावत बसला. हे फोनवर सांगून फुकट करून देतो म्हटलं होतं. आधी ‘कॅन्सल’ कमांडने अडकलेल्या प्रिंटची रांग रिकामी करायची, नाहीतर वैतागून चारदा दिलेली प्रिंट चारदा बाहेर येते, मग ‘एलपीअ‍ॅडमिन’ या प्रिंटर जोडायच्या कमांडच्या एका ओळीत नवा पत्ता द्यायचा. माणूसच पाठवा म्हणालात, तेव्हा व्हिझिट चार्ज सांगितला.

आता काळी स्क्रीन. तुमचा प्रिंट सर्व्हर म्हणजे कपाटामागचा जुना पीसी. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स आणि प्रिंटिंग सांभाळणारं कप्स हे सॉफ्टवेअर आहे. मॉनिटर नाही, डेस्कटॉपही टाकलेला नाही, कारण तेवढी रॅमच नाही. माउस फिरवणार कुठे? लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन करून, आत शिरून कमांड द्यायच्या, तिथे काम असंच चालतं. कप्सचं ६३१ पोर्टवर वेबपेज असतं आणि एक प्रिंटर जोडायला ते पुरतं, हे खरं. पण कुठे काय क्लिक केलं ते नंतर कोणाला आठवतं? कमांड मात्र फाइलमध्ये राहतात. उद्या तो पीसी बसला तर दुसऱ्यावर त्याच ओळी चालवता येतील. त्यांची प्रिंट तुमच्या बिलाला टाचलेली आहे, बघा.

त्या ओळींत कप्सचा ‘रिमोट-एनी’ हा पर्याय दिसणार नाही. तो पर्याय दिला की कुठल्याही पत्त्यावरून सर्व्हरपर्यंत पोचायची वाट मोकळी होते. तुमच्याकडे लोकांच्या आयकराचे कागद छापले जातात, म्हणून तो मुद्दाम टाळला.

प्रिंटरच्या पॅनेलवरून कॉन्फिगरेशन पेज काढा आणि त्यावरचा आयपी पत्ता दुकानाच्या नंबरवर कळवा. नव्या राउटरमध्येही तो राखून ठेवू. त्यासाठी राउटरचा पासवर्ड लागेल. बहुतेक वेळा तो खालच्या स्टिकरवर असतो, नसला तर इंटरनेटवाल्याकडून मागून घ्या.