पिशवीची दुसरी गोष्ट

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा विषय २०१९ मध्ये गाजला. सरकारी समितीने सुमारे ८२ हजार जणींची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पुढे जिल्ह्यात या ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. तरी मी इंग्लंडहून बीडमधल्या धारूरला घरी फोन केला की वाद तोच. एक भाऊ म्हणतो, कायदा अजून कडक करा. दुसरा म्हणतो, बायकांना कळतच नाही, माहितीपत्रकं वाटा.

मला पत्रकांचं पटत नाही. अंगावरून पांढरं जातंय म्हणून गेलेल्या कित्येक बायकांना ‘पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगण्यात आलं होतं. एवढ्या दोन वाक्यांत आजार आला, मरण आलं, मागे राहणारी लेकरंही आली. ही पुरी गोष्टच झाली, तिच्यापुढे पत्रक टिकत नाही. त्यात पाळीत काम बुडलं की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, आणि अंगावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल. माझ्या चुलतीने तिशीच्या आतच पिशवी काढून घेतली. सोबत अंडाशयंही गेली, हे तिला फार उशिरा समजलं. “तवा लई बरं वाटलं गं, आता खाली बसलं की उठवत नाही,” ती म्हणते. पाळी जायच्या वयाआधी अंडाशयं काढली तर हाडं ठिसूळ होऊ शकतात, हे वाक्य पत्रकात छापता येतं. पण चुलतीच्या तोंडून ऐकलं की शेजारणीचा हात आपसूक स्वतःच्या गुडघ्याकडे जातो.

इकडे ऑक्सफर्डमध्ये दोन डॉक्टरांनी, स्वतः आजारपण भोगल्यावर, २००१ मध्ये रुग्णांचे अनुभव लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. आज तो उपक्रम ‘हेल्थटॉक’ नावाच्या संकेतस्थळावर चालतो. एकेका आजारावर साधारण ३५ ते ५० जणांच्या मुलाखती, मुद्दाम वेगवेगळ्या माणसांच्या: ऑपरेशन केलेले, टाळलेले, पस्तावलेले, सुखी झालेले. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. एकच गोष्ट ऐकली की माणूस तिच्यामागे वाहवतो; चार ऐकल्या की प्रश्न विचारायला लागतो.

पण इथे ते सगळं माणूस एकटा स्क्रीनवर बघतो. आपल्याकडे सप्ताहात अख्खं गाव मांडी घालून बसतं, आणि पैठणच्या नाथांनी भारुडातून अवघड गोष्ट बाजारच्या माणसाला पोचवली त्याला चारशे वर्षं झाली. ऐकायची सवय आपल्या रक्तात आहे, तिचा उपयोग आरोग्यासाठी व्हायला हवा.

दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी वस्तीवर तिघी-चौघींनी बोलावं. गोळ्यांवर रक्तस्राव आटोक्यात आलेली एक, खरोखरच ऑपरेशन लागलेली एक, आणि माझ्या चुलतीसारखी एक. गर्भाशयातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे सांगायला शेजारी सरकारी डॉक्टर असावा, म्हणजे गोष्टीची अफवा होणार नाही.

खाडा मात्र गोष्टींनी सुटणार नाही. त्यासाठी कारखाना आणि मुकादमाशीच भांडावं लागेल. आणि बोलायला येणाऱ्या बाईला त्या दिवसाची पूर्ण हजेरी द्या, पंचायतीच्या नाहीतर आरोग्य खात्याच्या पैशातून.