इंग्लंडच्या पराभवाचे खापर सॅम बर्जेसच्या माथी का फोडू नये

२०१५ च्या रग्बी विश्वचषकात यजमान इंग्लंड साखळीतच गारद झाले ते सॅम बर्जेसमुळे; रग्बी लीग या रग्बीच्या वेगळ्या प्रकारातला हा फॉरवर्ड (पुढच्या फळीतला खेळाडू) केवळ अंगबळावर खेळणारा होता, युनियनचा, म्हणजे या विश्वचषकातल्या पंधरा जणांच्या रग्बीचा, खेळ त्याला झेपला नाही आणि टीका होताच तो ऑस्ट्रेलियाला पळून गेला, असे विधान रग्बीच्या चर्चेत आजही बिनदिक्कत फिरवले जाते. त्यातला एकही भाग तपासणीत टिकत नाही आणि एका उत्तम खेळाडूवर त्याने मोठा अन्याय केला आहे.

सारा आरोप उभा आहे तो २६ सप्टेंबर २०१५ रोजी ट्विकेनहॅमवर झालेल्या वेल्सविरुद्धच्या सामन्यावर, जो इंग्लंडने २५–२८ असा गमावला. बर्जेस त्यात १२ क्रमांकावर, म्हणजे इनसाइड सेंटर (मागच्या फळीतली मधली जागा) म्हणून खेळला आणि जेमी रॉबर्ट्ससारख्या धिप्पाड सेंटरला रोखणे हे त्याचे मुख्य काम होते. सुमारे ७० व्या मिनिटाला त्याला बाहेर घेऊन जॉर्ज फोर्डला उतरवण्यात आले, तेव्हा इंग्लंड २५–१८ असे पुढे होते. त्यानंतर लगेचच, सहकारी जखमी झाल्याने विंगवर (मैदानाच्या कडेला) खेळणाऱ्या वेल्सच्या लॉइड विल्यम्सने चेंडू पायाने आत मारला, गॅरेथ डेव्हिसने तो उचलून ट्राय केला (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले) आणि पुढे डॅन बिगरच्या पेनल्टीने वेल्सला आघाडी मिळाली. अखेरच्या क्षणी गोलावर पेनल्टी मारून बरोबरी साधण्याऐवजी कोपऱ्यात लाइनआउट (कडेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ पुन्हा सुरू करणे) घेण्याचा निर्णय कर्णधार ख्रिस रॉबशॉचा होता. सामना हातचा गेला तेव्हा बर्जेस मैदानातच नव्हता. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या १३–३३ अशा पराभवातही तो बदली खेळाडू म्हणूनच उतरला होता.

युनियन त्याला झेपले नाही, हे म्हणणे अधिक बारकाईने तपासायला हवे. लीगमध्ये तेरा खेळाडू असतात, लाइनआउट नसतो आणि टॅकलनंतर चेंडूसाठी झोंबाझोंबी होत नाही. त्यामुळे तिथून आलेल्या फॉरवर्डला हे सारे नव्याने शिकावे लागते. इंग्लंडमधील बाथ या युनियन क्लबने त्याला आधी सेंटरला खेळवून पाहिले आणि हंगामाच्या उत्तरार्धात फ्लँकर म्हणून फॉरवर्डमध्ये आणले, जिथे त्याची धाव आणि टॅकल दोन्ही उपयोगी पडत होती. बाथ त्या हंगामात प्रीमियरशिप या इंग्लंडच्या क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. राष्ट्रीय प्रशिक्षक स्टुअर्ट लँकेस्टर यांनी मात्र, युनियनमध्ये येऊन जेमतेम वर्ष झालेल्या या खेळाडूला विश्वचषकासाठी पुन्हा सेंटर केले. माझ्या मते खरी चूक तिथे झाली. फ्रान्सविरुद्धच्या पदार्पणात त्याला पिवळे कार्ड मिळाले होते आणि तो नवखा आहे हे दिसत होते, हे मान्य करायलाच हवे. परंतु संघनिवड खेळाडू करीत नसतो.

‘नुसते अंगबळ’ हा आक्षेप तर लीगच्या फॉरवर्डचे काम न समजल्याचे लक्षण आहे. प्रत्येक टॅकलनंतर बचावफळीला दहा मीटर मागे हटून पुन्हा पुढे यावे लागते. या धावपळीत समोरच्या फळीवर पुनःपुन्हा धडकायचे आणि अंगावर दोघे-तिघे असताना नेमका पास काढायचा, यासाठी दम आणि डोके दोन्ही लागते. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी सिडनीत बर्जेसचा क्लब साऊथ सिडनी विरुद्ध कँटरबरी हा ऑस्ट्रेलियातील लीग स्पर्धेचा अंतिम सामना सुरू होताच, पहिल्याच धडकेत जेम्स ग्रॅहमचे डोके लागून बर्जेसच्या गालाचे हाड मोडले. तो पूर्ण ८० मिनिटे खेळला, संघ ३०–६ असा जिंकला, १९७१ नंतरचे पहिले विजेतेपद क्लबला मिळाले आणि सामनावीराचे क्लाइव्ह चर्चिल पदक त्याच्याकडे गेले. सामना संपल्यावर सुजलेल्या चेहऱ्याने रडणारा बर्जेस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ‘नुसते अंगबळ’ हे शब्द बोचल्याशिवाय राहणार नाहीत.

राहिला पळून गेल्याचा मुद्दा. तो जिथून आला होता त्याच साऊथ सिडनीकडे परतला आणि आणखी चार हंगाम खेळला. २०१७ च्या लीग विश्वचषकात इंग्लंडकडून अंतिम सामन्यात उतरला, जो ऑस्ट्रेलियाने अवघ्या ६–० ने जिंकला. आणि २०१९ मध्ये, वयाच्या ३० व्या वर्षी, त्याला थांबावे लागले ते खांद्याच्या दुखापतीमुळे.