अ‍ॅडमिन झालात? अभिनंदन!

खाडीकिनारा साफ करणाऱ्या स्वयंसेवकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे तुम्ही अ‍ॅडमिन झालात. पगार नाही, भत्ता नाही, पण नावापुढे ती हिरवी पाटी लागली. नवी मुंबईच्या नेरूळ ते ऐरोली पट्ट्यात एवढ्यावर आयुष्य काढलेली माणसं आहेत. तेव्हा चार गोष्टी ऐकून ठेवा.

सगळ्यात आधी, नियम लिहू नका. लिहिलेला नियम उद्या तुमच्याच मेहुण्याला लागू पडतो. "आपण सगळे सुज्ञ आहोत" एवढं एकदा टाकून मोकळं व्हा. मग जो जे टाकेल ते सुज्ञपणातच धरलं जाईल.

पहाटे पाचला फुलांची चित्रं टाकणाऱ्या काकांना अडवू नका. ज्या मेसेजवर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण असते, तो 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अफवा आवराव्यात म्हणून केलेली सोय ती. पण काका निवृत्त आहेत. एकेक ग्रुप घेत दुपारपर्यंत सगळं आटोपतात. एवढे कष्ट घेणाऱ्याला थांबवणं माणुसकीला धरून नाही.

कोणी म्हणालंच की अमक्याने तमक्याला शिवी दिली, तर कायदा दाखवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा हेतू एकच असल्याचं दिसल्याशिवाय, केवळ अ‍ॅडमिन म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही. न्यायालय गुन्ह्याबद्दल बोललं. तुम्ही त्याचा अर्थ 'मला कशाचंच देणंघेणं नाही' असा लावा. कोणी निकाल वाचायला जात नाही.

तरीही दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय 2022 पासून अ‍ॅडमिनच्या हातात आली आहे, ती वाया घालवू नका. शिवी उडवू नका, शिवी देणारा बॅनरचे पैसे देतो. उडवायचा तो "ताईंशी नीट बोला" म्हणणाऱ्याचा मेसेज. कारण विचारलं तर 'नकारात्मकता' म्हणा. या शब्दाला अपील नाही.

आता खरी परीक्षा, शनिवारची रात्र.

नेरूळच्या ताई लिहितात, "उद्या एकादशी. सव्वाआठला भरती, नऊला येऊ नका. दुपारी अडीचला या, ओहोटी असेल. गोणी मी आणते, हातमोजे आपापले." भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्यात ती इतकी सरकते की गेल्या रविवारी ज्या वेळेला चिखल उघडा होता, त्याच वेळेला या रविवारी पाणी असतं. ताईंना हे सारसोळ्याच्या कोळी काकांनी शिकवलं. तिथीला पाऊणने गुणायचं, म्हणजे भरतीची वेळ येते. अकरा पाऊण सव्वाआठ. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असलेली माणसं ग्रुपमध्ये दोनच, आणि ती फारसं बोलत नाहीत.

ताईंच्या मेसेजखाली चर्चा पेटू द्या. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला, त्याचं श्रेय आपल्या ग्रुपमध्ये नक्की कोणाचं? ग्रुप गेल्या वर्षी निघाला, हा मुद्दा काढणाऱ्याला 'तुम्ही कधी चिखलात उतरलात?' असं विचारावं. तो दर रविवारी उतरतो, पण फोटोत नसतो, त्यामुळे त्याच्याकडे पुरावा नाही. दीडशे मेसेज सहज होतात. साडेअकराच्या सुमारास तो "सर्वांना शुभेच्छा" लिहून ग्रुप सोडतो. त्याला अडवू नका, उलट हात जोडल्याचं चिन्ह टाका. आठ महिने गोणी वाहणारा माणूस गेला, तरी भांडणारे सगळे जागेवर आहेत ना? ग्रुप जिवंत आहे.

आणि मग, इतका वेळ गप्प बसलेले तुम्ही, एकदम कडक व्हा. शिवी देणाऱ्यालाही कुलूप आणि ओहोटी सांगणाऱ्यालाही कुलूप, म्हणजे समान न्याय झाला. 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सोय 2018 पासून याच क्षणासाठी आहे. त्याआधी स्वतःचा एक मेसेज टाका: "झालं गेलं विसरू या. उद्या नेहमीप्रमाणे सकाळी नऊला, जेट्टीपाशी." वर जाऊन ताईंचं वाचायची गरज नाही. दीडशे मेसेज कोण चाळणार?

रविवारी नऊला बावीस माणसं येतील. गमबूट, टोप्या, बॅनर. तिवरांच्या बुडाला पाणी लागलेलं असेल, गेल्या खेपेला हेरून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या चार फूट पाण्याखाली असतील. बॅनर धरून फोटो काढा. पाणी मागे छान दिसतं.

कोळी काका होडीत जाळं आवरत बसलेले दिसतील. "काका, भरती आहे हे माहीत होतं तर ग्रुपवर सांगायचंत की!" असं जरा रागानेच विचारा.

ते ओला हात लुंगीला पुसतील, मोबाईल काढतील आणि लिहायच्या जागी आलेली ती ओळ तुमच्यापुढे धरतील.