हॅरी पॉटरमधल्या आत्म्याविषयी फिरणारा संदेश आणि प्रत्यक्ष पुस्तके

पालकांच्या गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. हॅरी पॉटरची पुस्तके मुलांना खून करून आत्म्याचे तुकडे पाडायला आणि अमर व्हायला शिकवतात, मेलेली माणसे भुते होऊन परत येतात असे त्यांच्या मनावर बिंबवतात, चुंबनाने आत्मा शोषून घेणाऱ्या ‘डिमेंटर’ या प्राण्याच्या रूपाने मरणाची धास्ती घालतात, आणि मुळात हे सगळे आपल्याकडच्या, पोपटात जीव ठेवणाऱ्या राक्षसाच्या गोष्टीवरून चोरलेले आहे, असे त्यात म्हटले आहे. हा संदेश माझ्या ताईपर्यंत पोहोचला आणि तिने माझ्या भाचीच्या हातातून सहावे पुस्तक अर्ध्यावर काढून घेतले. ज्या प्रकरणात या आरोपाचे उत्तर आहे, नेमके तेच तिचे वाचायचे राहिले.

2005 साली आलेल्या त्या पुस्तकाचे तेविसावे प्रकरण हॉरक्रक्सविषयी आहे. आत्म्याचा तुकडा एखाद्या वस्तूत दडवून ठेवला की शरीर नष्ट झाले तरी मरण येत नाही, ही ती विद्या. शाळकरी टॉम रिडल, म्हणजे पुढचा खलनायक व्हॉल्डेमॉर्ट, तिच्याविषयी विचारतो, तेव्हा स्लगहॉर्न हा शिक्षक अक्षरशः घाबरतो. आत्मा अखंड राहण्यासाठीच असतो, तो फाडणे निसर्गाविरुद्ध आहे, तो फाटतो खुनामुळे, आणि असे जगण्यापेक्षा मरण बरे, असे तो स्पष्ट सांगतो. विधी मात्र तो सांगत नाही आणि लेखिकाही सांगत नाही. मग मुले हे नेमके शिकणार कुठून?

शिवाय या विद्येचे फळ काय मिळते, तेही 2007 च्या शेवटच्या पुस्तकात उघड दाखवले आहे. मरणाच्या उंबरठ्यावर हॅरी ज्या रेल्वे स्थानकात पोहोचतो, तिथे बाकाखाली एक उघडे, सोललेल्या कातडीचे, श्वासासाठी धडपडणारे लहान मुलासारखे काहीतरी पडलेले असते, आणि त्याला आता मदत करता येणार नाही, असे त्याच्या शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर सांगतो. तो व्हॉल्डेमॉर्टच्या आत्म्याचा उरलेला अंश आहे. इतक्या किळसवाण्या रूपात ज्याचा शेवट दाखवला, त्याचे आकर्षण मुलांना वाटेल असे म्हणणाऱ्याने ते पान वाचलेले नाही, हे मी खात्रीने सांगते.

त्याच पुस्तकात हॅरीची मैत्रीण हर्मायनी एक फरक समजावते. माणसाला तलवारीने भोसकले तरी त्याच्या आत्म्याला काही होत नाही. उलट हॉरक्रक्समधला तुकडा मात्र त्या वस्तूवरच अवलंबून असतो, वस्तू गेली की तोही जातो. म्हणजे अमर होण्याच्या खटपटीत व्हॉल्डेमॉर्टने एक न मरणारी गोष्ट मरू शकेल अशी करून ठेवली. फाटलेला आत्मा सांधण्याचा एकच उपाय तिने वाचलेला असतो, आणि तो म्हणजे केल्या कर्माचा खराखुरा पश्चात्ताप, ज्याच्या वेदना जिवावर बेतू शकतात. शेवटच्या द्वंद्वात हॅरी शत्रूला तोच उपाय सुचवतो. खुनाचे उदात्तीकरण करणारे लेखन असे असते का?

भुतांचा मुद्दा तर पाचव्या पुस्तकातच निकालात निघतो. निक नावाचे भूत दुःखात बुडालेल्या हॅरीला कबूल करते की, मरणाला भ्यायल्यामुळे आपण मागे राहिलो आणि आता धड जगतही नाही, धड गेलेलोही नाही. हॅरीला हवा असलेला, नुकताच मेलेला त्याचा धर्मपिता सिरियस परत येत नाही. डिमेंटरबद्दल इतकेच सांगते की, त्याच्या चुंबनाने माणूस मरत नाही. मेंदू आणि हृदय चालू राहते, पण स्वत्व आणि आठवणी उरत नाहीत, असे तिसऱ्या पुस्तकात ल्युपिन हा शिक्षक सांगतो. या जगात मरणापेक्षा वाईट असे काहीतरी आहे, हेच तर तिथे मांडायचे आहे.

राहिला पोपट. साम्य आहे, हे मान्य करावे लागते. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रियर हिने ॲना लिबराटा डिसूझा या गोव्याशी नाते असलेल्या आयाकडून ऐकलेल्या दख्खनच्या गोष्टी 1868 साली छापल्या. त्यांतल्या पंचकीन नावाच्या जादूगाराचा जीव दूरच्या जंगलात, ताडांच्या वर्तुळात, एकावर एक ठेवलेल्या पाण्याच्या सहा घागरींखालच्या पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात असतो. पण रशियातल्या लोककथेतल्या कोश्चेईचे मरणही अंड्यातल्या सुईत असते, आणि लोककथांचे अभ्यासक जेम्स फ्रेझर यांनी 1890 साली अशा देशोदेशीच्या कथा एकत्र मांडल्या. ही कल्पना कोणा एकाची नाही, त्यामुळे चोरीचा आरोप टिकत नाही.

आणि दोन्हींत मोठे अंतर आहे. पंचकीनचा जीव अखंड आहे, तो फक्त दुसरीकडे ठेवलेला आहे. राजपुत्राने पोपटाचा पंख उपटला की इकडे जादूगाराचा हात गळून पडतो आणि मान मुरगळली की तो मरतो. व्हॉल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा असलेली डायरी हॅरीने नष्ट केली तेव्हा त्याला काहीच जाणवले नाही. ते त्याला पुढे ल्युसियस मॅलफॉय या आपल्या अनुयायाकडून वदवून घ्यावे लागले. आपल्याच आत्म्याचा तुकडा मेलेला त्याला कळत नाही, इतका तो स्वतःपासून तुटलेला आहे, आणि ही गोष्ट पोपटाच्या कथेत कुठेच नाही.